फर्मवेअर फसलं, बोर्ड गप्प झाला: आता काय करायचं?

रात्री साडेदहाला फोन वाजला. ‘भाऊ, मोटार उचलायलीच नाही. डब्यात लाल दिवा तेवढा जळायलाय.’ पाथरीकडच्या एका काकांच्या विहिरीवर मी ईएसपी३२ ही वायफाय असलेली छोटी कंट्रोलर चिप वापरून केलेला मोटार-कंट्रोलर बसवला होता आणि त्याच दुपारी त्यात नवं फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारा प्रोग्रॅम, भरून आलो होतो. आमच्या परभणी जिल्ह्यात शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते. त्या आठवड्यात काकांची पाळी रात्रीची होती. घरून मोबाइलवर चालू व्हायची ती मोटार चालू करायला त्यांना हिवाळ्याच्या रात्री बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत चालत जावं लागलं आणि स्टार्टरचं हिरवं बटण हाताने दाबावं लागलं.

तो बोर्ड मी दुसऱ्या दिवशी घरी आणला. टेबलावर लावला तर व्यवस्थित चालू! परत विहिरीवर नेला तर पुन्हा मुका. त्याची उकल पुढे सांगतो. त्या आठवड्यात मी जे शिकलो आणि त्यानंतर परभणी-नांदेडकडच्या डिप्लोमाच्या पोरांचे बोर्ड बघताना जे कामी आलं, ते सगळं इथे लिहितो आहे. ही पोरं ‘सर, ब्रिक झाला’, म्हणजे बोर्डाची वीट झाली, कायमचा मेला, म्हणून बोर्ड बाजूला ठेवतात आणि नवा मागवतात. चारशे-पाचशे रुपये जातात, वर कुरिअरची चार-पाच दिवस वाट बघायची. त्यातले बहुतेक बोर्ड अर्ध्या तासात उठतात. फक्त एक पथ्य पाळायचं: आधी ऐकायचं, मग पुसायचं.

आत नेमकं काय बिघडलेलं असतं

मुख्य भर ईएसपी३२वर देतो, कारण आपल्याकडे सध्या सगळ्यात जास्त तोच दिसतो. त्याच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कारखान्यातच कोरलेला असतो, त्याला रॉम बूटलोडर म्हणतात. ती काळ्या दगडावरची रेघ. तुम्ही काहीही फ्लॅश करा, म्हणजे बोर्डात भरा, अर्ध्यात वायर उपटा, सगळी मेमरी पुसून टाका, त्याला धक्का लागत नाही. वीज आली की आधी तोच जागा होतो आणि शून्य नंबरच्या पिनकडे बघतो. पिन वर असेल, म्हणजे ३.३ व्होल्टला, तर शेजारच्या फ्लॅश चिपमधून, म्हणजे प्रोग्रॅम साठवणाऱ्या मेमरीतून, पुढचा कोड उचलतो. खाली असेल, म्हणजे ग्राउंडला, तर फ्लॅशकडे ढुंकूनही न बघता यूएसबीवरून नवा कोड येण्याची वाट बघत बसतो.

फ्लॅशमध्ये पुढची मांडणी अशी असते. हेक्स (सोळाच्या पटीत मोजलेल्या) १००० या पत्त्यावर प्रोग्रॅम सुरू करून देणारा दुसरा बूटलोडर, हेक्स ८००० वर पार्टिशन टेबल, म्हणजे कुठली जागा कशाची याचा सातबारा, आणि हेक्स १०००० पासून तुमचा प्रोग्रॅम. फ्लॅशिंग फसतं तेव्हा या तिघांपैकी एखादा बिघडलेला असतो. रॉम शाबूत असतो, म्हणून परतीचा रस्ताही शाबूत असतो.

इथे एक फरक लक्षात ठेवा: ईएसपी३२ एस३ आणि सी३ या चिपमध्ये दुसरा बूटलोडर हेक्स १००० ऐवजी थेट शून्यावर असतो. जुन्या ईएसपी३२साठीचा पत्ता वापरून एस३ फ्लॅश केला तर सगळं ‘यशस्वी’ दिसतं आणि बोर्ड तरीही उठत नाही.

आधी वीज, मग वायर

सेन्सर, रिले, डिस्प्ले, सगळं काढून बोर्ड एकटा करा. बोर्ड मोटारीच्या डब्यात असेल तर मेन स्विच पाडा, तिन्ही किटकॅट फ्यूज काढून खिशात ठेवा आणि मगच हात घाला. तिथे ४१५ व्होल्ट असतात. डबा चालू असताना लॅपटॉपची यूएसबी बोर्डाला कधीही लावू नका. त्यात बोर्ड आणि लॅपटॉप जातीलच, तुमच्या जिवावरही बेतेल.

यूएसबी लावल्यावर मल्टिमीटरने ३व्ही३ आणि जीएनडी (ग्राउंड) या पिनांमध्ये व्होल्टेज मोजा. ३.३च्या आसपास हवं. शून्य किंवा दीड-दोन दाखवत असेल आणि तीन पायांचा रेग्युलेटर बोट ठेवता येणार नाही इतका तापत असेल, तर दोष फर्मवेअरचा नाही. काहीतरी शॉर्ट आहे किंवा रेग्युलेटर गेला आहे. तो बोर्ड सोल्डरिंगच्या टेबलावर जाऊ द्या, या लेखातली पुढची खटपट त्याच्यावर करू नका.

व्होल्टेज ठीक असेल तर यूएसबीची वायर बदला. हे वाचून पुढे जाऊ नका, खरंच बदला. मोबाइलच्या बऱ्याच स्वस्त वायरींमध्ये चार्जिंगच्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन नसतात. दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही. जिच्यावरून मोबाइलमधले फोटो लॅपटॉपवर उतरवून बघितलेत, ती वायर खात्रीची. मी तशा एका वायरीला लाल चिकटपट्टी लावून ठेवली आहे आणि ती घरात कोणालाही चार्जिंगला देत नाही.

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘पोर्ट्स’खाली नवा कॉम नंबर येतो का बघा. पिवळं उद्गारचिन्ह दिसलं तर ड्रायव्हर नाही. बोर्डावरच्या यूएसबीजवळच्या चिपवर भिंगातून नाव वाचा, सीपी२१०२ असेल किंवा सीएच३४०, त्याचा ड्रायव्हर टाका. लिनक्सवर पोर्ट दिसूनही परवानगी नाकारली जात असेल तर तुमचा यूजर ‘डायलआउट’ गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. उबंटू २२.०४वर सीएच३४०चा पोर्ट दिसून लगेच गायब होत असेल तर ‘बीआरएलटीटीवाय’ हे ब्रेल डिस्प्लेसाठीचं पॅकेज तो पोर्ट बळकावत असतं. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते काढा.

बोर्ड काय म्हणतोय ते ऐका

ही पायरी सगळे गाळतात आणि खरं निदान इथेच होतं. सिरियल मॉनिटर, म्हणजे अर्डुइनो आयडीई या प्रोग्रॅम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमधली बोर्डाचं बोलणं दाखवणारी खिडकी, उघडा, वेग ११५२०० ठेवा, आणि बोर्डावरचं ईएन (रिसेटचं) बटण एकदा दाबून सोडा. रॉम बूटलोडर दर वेळी दोन-तीन ओळी बोलतोच. ईएसपी३२चा जुना भाऊ ईएसपी८२६६ असेल तर वेग ७४८८० ठेवा. त्याच्या २६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमुळे सुरुवातीच्या ओळी या विचित्र वेगावर येतात आणि ११५२००वर नुसता कचरा दिसतो.

आता ओळी वाचा. ‘इनव्हॅलिड हेडर’ आणि पुढे एफ-एफ-एफ अशी आठ अक्षरं पुन्हापुन्हा येत असतील तर फ्लॅशमध्ये बूटलोडरच्या जागी काहीच नाही, जागा कोरी आहे. याला घाबरू नका. मेमरी पुसल्यानंतर प्रत्येक ईएसपी३२ असंच बोलतो. ‘फ्लॅश रीड एरर, १०००’ आलं तर हेक्स १०००वरचा कोड वाचता आला नाही. तो नसेल, चुकीच्या पद्धतीने लिहिला गेला असेल, किंवा फ्लॅश चिपलाच नीट वीज मिळत नसेल. ‘गुरू मेडिटेशन एरर’ आलं तर आनंद माना: बूटलोडर, पार्टिशन टेबल सगळं ठीक आहे, तुमचाच प्रोग्रॅम कोसळतो आहे. दुरुस्ती कोडमध्ये करायची, बोर्डात नाही.

‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’, म्हणजे व्होल्टेज पडलं, ही ओळ आपल्या भागात नेहमी भेटते. वायफाय सुरू होताना ईएसपी३२ला क्षणभर मोठा करंट लागतो, ही चिप बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी किमान ५०० मिलिअँपिअर देणारा पुरवठा सांगते. विहिरीवरच्या डब्यात स्वस्त अडॅप्टर, लांब बारीक तारा आणि त्यात संध्याकाळी पडलेलं व्होल्टेज, म्हणजे वायफाय लागताक्षणी बोर्ड रिसेट. लोक फर्मवेअर बदलत बसतात आणि दोष अडॅप्टरचा असतो.

काहीच ओळ आली नाही तर? मॉनिटरचा पोर्ट बरोबर निवडला आहे का बघा. मग पंधरा नंबरची पिन कशाला जोडली आहे का बघा. ही पिन सुरू होताना ग्राउंडला असेल तर रॉम मुद्दाम मौन धरतो.

डाउनलोड मोडमध्ये न्या

सिरियल मॉनिटर बंद करा. एका पोर्टवर दोन प्रोग्रॅम बसत नाहीत आणि ‘पोर्ट बिझी’ची निम्मी प्रकरणं एवढ्यावरच मिटतात. मग बूट बटण दाबून धरा. ते धरलेलं असतानाच ईएन दाबून सोडा. एक सेकंद थांबा. मग बूट सोडा. खात्री करायची असेल तर एकदा मॉनिटर उघडा ठेवून हेच करा, ‘वेटिंग फॉर डाउनलोड’ दिसतं, मग मॉनिटर परत बंद करा.

एरवी ही बटणं तुमच्या वतीने यूएसबी चिप दाबते, दोन ट्रान्झिस्टरमधून. काही बोर्डांवर ईएन पिन फार लवकर वर जाते, वेळ जुळत नाही, आणि ‘टाइम्ड आउट वेटिंग फॉर पॅकेट हेडर’ येतं. त्यावर कायमचा उपाय म्हणजे ईएन आणि जीएनडीमध्ये १ ते १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक लावत असाल तर पांढऱ्या पट्ट्याची बाजू जीएनडीला. मी माझ्या सगळ्या बोर्डांना तो खालून सोल्डर करून टाकतो.

एस३, सी३सारख्या ज्या चिपना स्वतःचं यूएसबी असतं, त्यांच्यावर फसलेला प्रोग्रॅम पोर्टच गायब करतो आणि बोर्ड पूर्ण मेल्यासारखा वाटतो. तिथेही हीच बूट-रिसेटची हातचलाखी करायची. पोर्ट परत येतो, पण बऱ्याचदा नव्या नंबराने, म्हणून आयडीईत पोर्ट पुन्हा निवडा आणि फ्लॅश झाल्यावर रिसेट हाताने दाबा.

बोर्ड डाउनलोड मोडला आला की आधी काही लिहू नका, चौकशी करा. ईएसपीटूल हे एस्प्रेसिफचं फुकट हत्यार आहे, पायथॉनच्या पिपमधून येतं. त्याला ‘फ्लॅश आयडी’ ही आज्ञा द्या. जुन्या आवृत्तीत आज्ञेच्या दोन शब्दांमध्ये खालची रेघ असते, पाचव्या आवृत्तीपासून आडवी. चिपचं नाव, उत्पादकाचा कोड आणि फ्लॅशचा आकार उत्तरात येतो. बहुतेक डेव्हकिटवर, म्हणजे पिना बाहेर काढलेल्या तयार बोर्डांवर, ४ एमबी. आकार नीट आला म्हणजे चिप आणि फ्लॅश एकमेकांशी बोलतात, आता निम्मी चिंता संपली. उत्पादकाच्या जागी एफएफ किंवा शून्यं आली तर फ्लॅशपर्यंत बोलणं पोचतच नाही. तिथे लिहायचा प्रयत्न वाया आहे, आधी बारा नंबरची पिन तपासा.

पुसण्याआधी नक्कल काढा

टेबलावरच्या सरावाच्या बोर्डाला याची गरज नाही. पण शेतात, दुकानात, कुणाच्या घरी लावलेला बोर्ड असेल तर ही पायरी टाळू नका. वायफायचा पासवर्ड, मोटारीच्या वेळा, सेन्सरचं कॅलिब्रेशन हे सगळं नेहमीच्या मांडणीत हेक्स ९००० पासूनच्या एनव्हीएस भागात असतं. ते पुसलं की परत येत नाही. काकांच्या बोर्डात पाण्याच्या पातळीच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन होतं. ते करायला मी विहिरीत दोरी सोडून अख्खी दुपार घालवली होती.

‘रीड फ्लॅश’ आज्ञा द्या, सुरुवात शून्य, लांबी ४ एमबीसाठी हेक्स ४०००००, आणि फाइलचं नाव. ११५२०० वेगाला साधारण सहा मिनिटं लागतात, ४६०८००ला दीड-दोन. नावात तारीख आणि जागा घाला. ही फाइल कोणालाही पाठवू नका, कारण त्या घराचा वायफाय पासवर्ड तिच्यात असू शकतो.

आता लिहा, पण थोडंच

पहिला प्रयत्न न पुसता करा. फक्त बूटलोडर, पार्टिशन टेबल आणि प्रोग्रॅम आपापल्या पत्त्यावर पुन्हा लिहा, म्हणजे एनव्हीएस वाचतो. अर्डुइनो आयडीईचं साधं अपलोड बटण हेच करतं. पण आधी टूल्समध्ये बोर्ड बरोबर निवडा, फ्लॅश साइझ चौकशीत आली तीच ठेवा, फ्लॅश मोड (फ्लॅश वाचण्याची पद्धत) डीआयओ ठेवा आणि अपलोड स्पीड ९२१६०० वरून ११५२००वर आणा. मोड क्यूआयओ ठेवला आणि त्या मॉड्युलला तो चालत नसेल तर बोर्ड रिसेटच्या चक्रात अडकतो. डीआयओ थोडा हळू असतो, पण जवळपास सगळीकडे चालतो. दुरुस्ती करताना वेगाचा हव्यास नको.

भरायचा प्रोग्रॅमही साधा असू द्या. दिवा लुकलुकवणारा आणि सिरियलवर एक ओळ छापणारा, एवढाच. ज्या फर्मवेअरने बोर्ड पाडला तेच लगेच पुन्हा भरलं तर दोष बोर्डात की कोडमध्ये, हे कळायला मार्ग राहत नाही.

तरीही उठला नाही, तर मात्र ‘इरेज फ्लॅश’. आयडीईत टूल्सखाली ‘इरेज ऑल फ्लॅश बिफोर स्केच अपलोड’ हा पर्याय आहे, एकदा वापरून झाला की बंद करायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक अपलोडला एनव्हीएस साफ होईल. लिहिताना मधेच तुटत असेल तर वायर आखूड घ्या, यूएसबी हब काढा, डेस्कटॉपला मागचा पोर्ट वापरा. आणि आपल्या गावात एक गोष्ट धरूनच चालायची: लाईट जाणार. सिरियलवरून फ्लॅश करताना डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असू द्या, नाहीतर लॅपटॉप वापरा. मधेच गेली तरी फार काही होत नाही, बूट-ईएन करून पहिल्यापासून लिहायचं.

एका दाराला मात्र हात लावू नका. ईफ्यूज. हे चिपमधले एकदाच जाळता येणारे बिट असतात. इंटरनेटवर बघून कोणी ‘ईएसपीईफ्यूज’च्या आज्ञा चालवतात, फ्लॅश एन्क्रिप्शन किंवा सिक्युअर बूट चालू करतात, आणि चावी हरवतात. हे खरं ब्रिक होणं, इथून परतीचा रस्ता नाही. शिकण्याच्या बोर्डावर ते चालू करण्याचं मला एकही कारण दिसत नाही.

काकांच्या बोर्डाचं काय झालं होतं

जुन्या फर्मवेअरमध्ये मोटार चालू करायचा आणि बंद करायचा असे दोन रिले २६ आणि २७ या पिनांवर होते. नव्यात मी ते १२ आणि १३वर आणले. तीस पिनांच्या डेव्हकिटवर १२, १३, जीएनडी आणि व्हीआयएन एका ओळीत शेजारी येतात, एकच चार तारांचा कनेक्टर बसतो, डब्यात तारांचा गुंता होत नाही. काम नीटनेटकं दिसत होतं, मी खूश होतो.

टेबलावर रिलेशिवाय बोर्ड चालत होता. विहिरीवर रिलेसकट मुका होत होता. तिसऱ्या फेरीला मी लॅपटॉपच तिकडे नेला. मेन पाडला, फ्यूज खिशात, बोर्डाला फक्त यूएसबी, रिले जोडलेले. धुऱ्यावर बसून मॉनिटर उघडला. ‘फ्लॅश रीड एरर, १०००’ आणि रिसेट, पुन्हा तेच, सेकंदाला कितीतरी वेळा. मी फर्मवेअरलाच दोष देत होतो, पण त्याच ओळीत ‘बूट’ या शब्दापुढचा आकडा घरच्यापेक्षा वेगळा होता. घरी हेक्स १३ यायचा, इथे ३३.

तो आकडा म्हणजे सुरू होताना काही ठरावीक पिना वर होत्या की खाली, याची नोंद. प्रत्येक पिनेचं एक वजन: पाच नंबरच्या पिनेचं १, पंधराचं २, चारचं ४, दोनचं ८, शून्यचं हेक्स १०, आणि बारा नंबरच्या पिनेचं हेक्स २०. १३चे ३३ झाले म्हणजे नेमके २० वाढले. बारा नंबरची पिन वर होती!

ईएसपी३२ सुरू होताना याच पिनेवरून फ्लॅशला किती व्होल्ट द्यायचे ते ठरवतो. खाली असेल तर ३.३, वर असेल तर १.८. आपल्या मॉड्युलमधली फ्लॅश ३.३ची, तिला १.८ मिळाले तर ती वाचताच येत नाही. आणि खाली केल्यावर चालू होणारे रिले मॉड्युल आपली इनपुट पिन आतल्या एलईडी आणि रेझिस्टरमधून वर ओढून धरतात. चिपच्या आतला खाली ओढणारा रेझिस्टर त्यापुढे कमजोर पडतो. मी बारा नंबरची तार उपटली आणि ईएन दाबलं. पुढच्याच सेकंदाला वायफाय जोडल्याची ओळ आली. फर्मवेअर पहिल्या दिवसापासून ठीक होतं.

दोन्ही रिले परत २६-२७वर नेले. तेव्हापासून शून्य, दोन, पाच, बारा, पंधरा या पाच पिनांवर मी शक्यतो बाहेरचं काहीही जोडत नाही. पिना कमी पडल्या तर पाच आणि पंधरा वापरतो, बारा कधीच नाही.

अर्डुइनो, ब्लू पिल, पिको

अर्डुइनोच्या उनो आणि नॅनो या बोर्डांचा प्रकार वेगळा आहे. त्यांच्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये रॉम बूटलोडर नसतो. बूटलोडर फ्लॅशच्याच शेवटच्या भागात राहतो, उनोवरचा ऑप्टिबूट अवघा ५१२ बाइटचा. म्हणून तो खरंच पुसला जाऊ शकतो. पण ‘प्रोग्रॅमर इज नॉट इन सिंक’ दिसलं की लगेच तिथे पोचू नका. नॅनो असेल तर आधी टूल्स, प्रोसेसरमध्ये ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून बघा. जुन्या नॅनोंचा वेग ५७६००, नव्यांचा ११५२००, आणि बाजारातल्या स्वस्त नॅनोंमध्ये अजूनही जुनाच येतो. मग यूएसबी चिप तपासा: रिसेट पिन जीएनडीला जोडा, शून्य आणि एक नंबरच्या पिना एका तारेने जोडा, मॉनिटरमध्ये काही टाइप करा. टाइप केलेलं परत आलं तर यूएसबीची बाजू ठीक.

मग दुसरा उनो घ्या. त्यात आयडीईच्या उदाहरणांमधलं ‘अर्डुइनो आयएसपी’ हे स्केच (अर्डुइनोचा प्रोग्रॅम) भरा, म्हणजे हा उनो दुसऱ्या चिपमध्ये कोड भरणारा प्रोग्रॅमर बनतो. ते भरून झाल्यावर, आधी नाही, त्याच्या रिसेट आणि जीएनडीमध्ये १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा, धन बाजू रिसेटला. आता त्याची १० नंबरची पिन आजारी बोर्डाच्या रिसेटला, ११, १२, १३ या त्याच्या ११, १२, १३ला, शिवाय ५ व्होल्ट आणि जीएनडी. प्रोग्रॅमर ‘अर्डुइनो ॲज आयएसपी’ निवडून ‘बर्न बूटलोडर’. चिपची ओळख १ई ९५ ०एफ वाचली गेली की समजा काम झालं. सगळी शून्यं आली तर तारा तपासा, विशेषतः ११ आणि १२ची अदलाबदल झाली आहे का. त्या ठीक असतील तर क्रिस्टल किंवा चुकीचा क्लॉक फ्यूज. लिओनार्डो आणि प्रो मायक्रोमध्ये यूएसबी चिपच्या आतच असल्याने फसलेलं स्केच पोर्ट घालवतं. त्यांचा रिसेट झटकन दोनदा जीएनडीला टेकवला की बूटलोडर साधारण आठ सेकंद जागा राहतो, तेवढ्यात अपलोड पोचायला हवं.

ब्लू पिल, म्हणजे एसटीएम३२एफ१०३चा निळा बोर्ड, पोरांच्या हातून एकाच ठरलेल्या चुकीने जातो. क्यूब या एसटीएमच्या सॉफ्टवेअरमध्ये डीबगचा पर्याय ‘सिरियल वायर’ करायचा राहतो, प्रोग्रॅम सुरू होताच पीए१३ आणि पीए१४ या पिना बंद होतात, आणि पुढच्या वेळी एसटी-लिंकला, म्हणजे कोड भरायच्या छोट्या यंत्राला, चिप सापडत नाही. बूट०चा जंपर १वर हलवा, रिसेट दाबा. आता चिपचा स्वतःचा बूटलोडर चालतो, तुमचा प्रोग्रॅम चालतच नाही, एसटी-लिंक लगेच जोडली जाते. फ्लॅश पुसा, जंपर परत ०वर. जंपरला हात लावायचा नसेल तर एसटीएमच्या प्रोग्रॅमरमध्ये ‘कनेक्ट अंडर रिसेट’ निवडा, रिसेट बटण दाबून धरा आणि कनेक्ट क्लिक करताक्षणी सोडा. दोन-तीन प्रयत्नांत वेळ साधते.

रास्पबेरी पायचा पिको हा बोर्ड सगळ्यात सोपा. बूटसेल बटण धरून यूएसबी लावा, ‘आरपीआय-आरपी२’ नावाचा ड्राइव्ह दिसतो, त्यात यूएफ२ प्रकारची फर्मवेअर फाइल टाका. मायक्रोपायथॉनची फाइल सिस्टिम बिघडली असेल तर आधी रास्पबेरी पायची ‘फ्लॅश न्यूक’ फाइल टाकून सगळं साफ करा. नवख्या मुलाला पहिला बोर्ड कोणता द्यावा, असं कोणी विचारलं तर याच गुणासाठी मी पिको सांगतो.

हवेतून अपडेट करत असाल तर

वायफायवरून फर्मवेअर पाठवताना लाईट जाण्याची भीती सगळ्यांना असते. ती भीती चुकीच्या जागी आहे. ईएसपी३२ नवं फर्मवेअर दुसऱ्या, रिकाम्या पार्टिशनमध्ये उतरवतो आणि पूर्ण उतरून तपासलं गेल्यावरच ‘यापुढे इथून सुरू हो’ अशी नोंद करतो. अर्ध्यात लाईट गेली तर जुनंच चालू राहतं. धोका पूर्ण उतरलेल्या पण चुकीच्या फर्मवेअरचा असतो: वायफायचं नाव चुकलं, किंवा सुरू होताच कोसळलं, म्हणजे बोर्ड वीस किलोमीटरवर आणि हवेतून पोचायचा रस्ता बंद. त्यासाठी बूटलोडरमध्ये रोलबॅक चालू ठेवा. वायफाय लागला, सर्व्हरशी एकदा बोलणं झालं, की मगच कोडने ‘मी ठीक आहे’ ही नोंद करायची. ती होण्याआधी बोर्ड रिसेट झाला तर बूटलोडर आपणहून जुन्या फर्मवेअरवर जातो. आणि अपडेट सकाळी पाठवा, काकांची पाळी सुरू होण्याच्या तोंडावर नाही.

बोर्ड डब्यात परत बसवताना झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. वहीचं पान चालेल, पण वरून रुंद पारदर्शक टेप, कारण एप्रिल-मेच्या उन्हात डब्यातली शाई उडते. त्यावर चिपचं पूर्ण नाव, फ्लॅशचा आकार आणि मोड, कोणती पिन कशाला, फर्मवेअरची तारीख, आणि बोर्ड ठीक असताना सिरियलवर येणारी पहिली ओळ जशीच्या तशी. काकांच्या डब्यातल्या कागदावर मी शेवटी मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: बूट १३ यायला पाहिजे.